न पळालेला वैद्य

हमामखान्यात लोकांची नखं-कुरूपं काढणाऱ्या यिनने मो गुरुजींचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, टॉवेलने टिपला, दिव्याखाली वळवला आणि हातातला चाकू पुन्हा कापडावर ठेवून दिला.

टाचेच्या आतल्या बाजूला काळ्या तिळाएवढा एक डाग होता. मागच्या खेपेला तो नव्हता, निदान इतका काळा तरी नव्हता. चालून चालून तळपायात रक्त साकळतं, पण ते चाकूच्या टोकाने हलकेच खरवडलं की निघून येतं. यिनने खरवडून पाहिलं. डाग तसाच राहिला. एकतीस वर्षांपूर्वी ज्याने त्याच्या हातात चाकू दिला, त्या उस्तादाने दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या होत्या. साखरेच्या रोग्याचं रक्त काढू नकोस, आणि न निघणाऱ्या काळ्या डागाला हात लावू नकोस, माणसाला दवाखान्यात धाड.

"गुरुजी, हा डाग कधीपासून आहे?"

"कुठला डाग? मला माझी टाच दिसते कुठे? वाकता येत नाही म्हणून मोजेसुद्धा बायको घालते, आणि तिला जवळचं धड दिसत नाही."

"मोठ्या दवाखान्यात दाखवा. कातडीच्या डॉक्टरला. याच आठवड्यात."

यांगचौतली माणसं सकाळी चहाच्या दुकानात आणि दुपारी हमामखान्यात. सकाळी कातड्याच्या आत पाणी, दुपारी पाण्याच्या आत कातडं, असं आमच्याकडे म्हणतात. त्या दुपारीही आंघोळ उरकून सात-आठ जण टॉवेल गुंडाळून लाकडी बाकांवर पसरले होते. कुणी चहा पीत होतं, कुणी हिरव्या मुळ्याच्या फोडी चावत होतं. यिनचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"गेलात गुरुजी!" कुआंग ओरडला. तो जन्मभर ट्रक चालवून आता जन्मभराची झोप हमामखान्यात काढत होता. "यिन उस्तादने पंचनामा केला!"

सगळे हसले. मो गुरुजी अडतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. समोर चार डोकी दिसली की त्यांना वर्ग भरल्यासारखं वाटायचं. ते उठून बसले, खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

"रोग झाकायचा, वैद्य टाळायचा. जुनी म्हण. सांगा पाहू कुठून आली? कुआंग!"

"मला नाही येत गुरुजी, मी तेव्हाही मागच्या बाकावर झोपलेला होतो."

"बियान छुए नावाचा वैद्य छाय देशाच्या राजाला भेटला. म्हणाला, महाराज, रोग कातडीत आहे, औषध घ्या. राजा हसला. दहा दिवसांनी म्हणाला, रोग मांसात गेला. राजा रागावला. आणखी दहा दिवसांनी म्हणाला, आतड्यांत गेला. राजाने तोंड फिरवलं. चौथ्या खेपेला वैद्याने राजाला लांबून पाहिलं आणि मागे फिरून धूम ठोकली. का? तर रोग हाडांच्या गाभ्यात पोचला होता, आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी राजाचं अंग ठणकायला लागलं. वैद्याला शोधायला माणसं धाडली, तर तो केव्हाच दुसऱ्या राज्यात पोचलेला." गुरुजींनी पाय यिनच्या मांडीवर मजेत हलवला. "बोला उस्ताद! माझा कुठवर आलाय? कातडीत की मांसात?"

"मी थट्टा करत नाही, गुरुजी."

"राजा काय म्हणाला ठाऊक आहे? धडधाकट माणसाला आजारी ठरवायचं आणि मग बरं केल्याची शेखी मिरवायची, ही वैद्यांची खोडच असते. आणि तो तरी निदान वैद्य होता. तुम्ही पाय कोरता, पायच कोरा!"

हशा इतका मोठा झाला की गरम टॉवेल फेकणारा नोकरही दारात थबकून हसला. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलण्याच्या भरात वाक्य आलं आणि जुळून आलं म्हणून ते बोलून गेले. यिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो चौथीत शाळेतून उठला होता. त्याने मान खाली घालून कुरूप काढलं, नखं कातरली, चाकू पुसून कापडात गुंडाळले आणि गुरुजींना जिन्यापर्यंत हात दिला. नेहमीसारखंच.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भात वाढता वाढता म्हणाली, "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. तू कशाला जीव जाळतोस? एकदा सांगितलंस ना? सुटलास."

यिनलाही ते पटलं. पटायला हवंच होतं.

पंधरा दिवसांनी, ठरल्या गुरुवारी, गुरुजी पुन्हा आले. डाग कलिंगडाच्या बीएवढा झाला होता. यिनने गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. गुरुजीही त्याच्याकडेच पाहत होते. यिनने टॉवेलचं टोक डागावर ओढलं आणि बोटांपासून सुरुवात केली. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. उन्हाळा आला, हमामखान्यातली गर्दी ओसरली, पण गुरुजींचा गुरुवार चुकला नाही. डाग शर्टाच्या बटणाएवढा झाला. ओल्या कागदावर शाई फुटावी तशा त्याच्या कडा फुटल्या. यिन चाकू चालवायचा तो भोवताली, लांबून.

कितीदा तरी घरी जाताना कालव्याच्या पुलावर तो मनाशी ठरवायचा की पुढच्या खेपेला एकटं गाठून सांगायचं. मग 'पायच कोरा' आठवायचं आणि पावलं पुन्हा जड व्हायची. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नाही. एक दिवस गुरुजी स्वतः येतील, चारचौघांसमोर म्हणतील की उस्ताद, तुमचंच खरं होतं, आणि मग कुआंगचं तोंड कसं होईल, हे चित्र त्याला आवडायला लागलं होतं. त्या चित्रात गुरुजी धडधाकट असायचे, हेच काय ते त्याच्या बाजूने सांगण्यासारखं.

शरदाच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हमामखाना जवळजवळ रिकामा होता. ज्याच्या त्याच्या घरी लेकी-सुना यायच्या होत्या. गुरुजी मात्र आले, आंघोळ करून बाकावर आडवे झाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. एवढा वेळ गप्प बसलेले गुरुजी यिनने कधी पाहिले नव्हते.

"उस्ताद," अखेर ते हळूच म्हणाले, "पाय कसा आहे माझा?"

डाग यिनच्या अंगठ्याखाली होता, आणि आता अंगठ्याखाली मावत नव्हता. आजूबाजूला हसायला कुणी नव्हतं. गुरुजींच्या आवाजात थट्टा नव्हती. यापेक्षा सोपी वेळ माणसाला मिळत नाही.

"ठीक आहे," यिन म्हणाला. "कुरूप जरा मऊ पडलंय."

"असं? बरं झालं."

गुरुजींनी मोठा श्वास सोडला, डोकं मागे टेकवलं आणि थोड्या वेळात त्यांना झोप लागली. यिनने उरलेलं काम हलक्या हाताने केलं, त्यांची झोप मोडू नये म्हणून.

थंडी सुरू झाली तसे गुरुजी यायचे थांबले. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. बातमी कुआंगने आणली. जांघेत गाठ आली होती. मुलीने नानचिंगला मोठ्या दवाखान्यात नेलं, टाच कापून काढली, पण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. आता घरी आणून ठेवलं आहे.

"आणि ऐका!" कुआंग बाकावर उभाच राहिला. "या यिनने वसंतातच सांगितलं होतं! याच बाकावर! आपण सगळे दात काढत होतो. अरे, खरा बियान छुए तर आपले पाय धरून बसलाय!"

लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, असा कारागीर सबंध यांगचौत नाही. दोघांनी आपले तळपाय लगेच वर करून दाखवले. इतके महिने यिनने जे मनात घोळवलं होतं ते सगळं जसंच्या तसं त्याच्यासमोर झालं. त्याला तोंड वर करता येईना. चाकूला धार लावायची आहे असं पुटपुटत तो मागच्या खोलीत गेला आणि तिथे उगाच उभा राहिला.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात वहिनींचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, निरोप आला. नवीन वर्षाच्या आधी हातपाय स्वच्छ करायचे असतात. गुरुजी म्हणतात, उस्ताद येतील का?

यिन चाकूंची गुंडाळी घेऊन गेला. गुरुजी खिडकीपाशी पलंगावर होते, दोन रजया अंगावर. चेहऱ्यात नाक तेवढं पूर्वीचं राहिलं होतं. वहिनींनी गरम पाण्याचं घमेलं ठेवलं, यिनकडे नीटसं न पाहता "बसा" म्हटलं, आणि त्या लापशी ढवळायला आत गेल्या.

"तिचं मनावर घेऊ नका," गुरुजी म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण सांगण्याची ढब वर्गातलीच होती. "या बसा."

यिन बुटक्या स्टुलावर बसला. डाव्या पायाला टाचेपासून पट्टी होती, बोटं बाहेर होती. त्याने मांडीवर टॉवेल पसरला आणि काचेचं भांडं उचलावं तसा पाय उचलला. नखं वाढून पिवळी पडली होती. एकेक करत त्याने पाचही कातरली. मग त्याने तो पाय रजईत ठेवला आणि उजवा घेतला.

"ती म्हणते, दर पंधरा दिवसांनी पाय हातात घेणाऱ्या माणसाला कळलं नाही म्हणजे काय?" गुरुजी म्हणाले. "मी म्हटलं, कळलं असतं तर उस्ताद बोलले असते. पहिल्यांदा कळलं तेव्हा बोललेच की. मीच चारचौघांत हसलो. फार वाईट बोललो तुम्हाला. घरी आल्यावर लक्षात आलं. पण शिक्षकाची जात, माफी मागायला जीभ वळत नाही."

यिनने चाकू हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"पण त्यानंतर मी लक्ष ठेवून होतो, बरं का. मला पाय दिसत नव्हता, पण तुमचं तोंड दिसत होतं. आणि मी पडलो पुस्तकी माणूस." गुरुजी जरासे हसले, त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत ते थांबले. "गोष्टीतला वैद्य, आशा संपली तेव्हा राजाला लांबून बघून पळाला. तुम्ही काही पळाला नाहीत. दर खेपेला पाय मांडीवर घेतलात. मी मनाशी म्हणायचो, वैद्य पळाला नाही, म्हणजे डाग होता तेवढाच आहे. पौर्णिमेच्या आधी जरा भीती वाटली होती, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही ठीक आहे म्हणालात. त्या दिवशी घरी येताना मी पौर्णिमेचे चार केक जास्त घेतले."

आतून पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज आला. गुरुजींनी सगळं स्वतःच्याच अंगावर घेतलं होतं. यिनने फक्त मान हलवायची होती. पुढे कधी कुणाला काही कळलं नसतं, आणि गुरुजी समाधानाने गेले असते.

"गुरुजी, मला दिसत होता," तो म्हणाला.

"काय?"

"डाग. वाढत होता. प्रत्येक वेळी दिसत होता. त्या दिवशीही."

त्याला पुढे बोलायचं होतं. राग आला होता हे सांगायचं होतं, पुलावर ठरवायचो हे सांगायचं होतं, पण ते सगळं तोंडाशी येईतो फार हलकं होऊन गेलं. गुरुजी खिडकीकडे पाहत होते. यिनच्या मांडीवरचा पाय हळूहळू हलका झाला. मग गुरुजींनी तो उचलला आणि रजईत ओढून घेतला.

"त्या वैद्याने तीनदा सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले.

"हो."

"राजा हसला तरी सांगितलं."

"हो, गुरुजी."

"अडतीस वर्षं मी मुलांना राजाचीच चूक लिहायला लावली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर यिनला बरं वाटलं असतं.

वहिनी वाफाळती लापशी घेऊन आल्या. वाटी ठेवायला जागा करता करता त्यांनी रजईकडे पाहिलं, यिनच्या मांडीवरच्या रिकाम्या टॉवेलकडे पाहिलं.

"झाली का नखं?"

"एका पायाची झाली," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याची राहू दे."