पेटीतला उजेड

आमच्या घरात दोन माणसांचं काम एकट्याने करण्याला हुशारी म्हणतात. नवरा एकटाच कपाट जिन्यावरून चढवतो, भिंतीचा रंग आणि स्वतःचं कोपर एकदमच सोलून घेतो आणि वर पोचल्यावर आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. मदतीला हाक मारली की नाक कापलं जातं. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे कशाला?)

याच हुशारीने त्याने आमच्या जुन्या पिकअपच्या हौद्याखाली, पार मागच्या टोकाला, हत्यारांची लोखंडी पेटी बसवली. पेटी भक्कम झाली. गाडी इतकी जुनी की तिला ब्रेकचा दिवा एकच, मागे मधोमध, आणि तो आता नेमका पेटीच्या पाठीशी गेला. बाहेरून त्याची काच दिसायची, पण बल्ब बदलायची वेळ आली तर तिथे उंदराशिवाय कुणी पोचणार नाही, हे वेल्डिंग थंड झाल्यावर लक्षात आलं. पेटीच्या आत हत्यारं दिसावीत म्हणून त्याने एक छोटा दिवाही लावला. तो कधीच लागला नाही. "मालच खराब," असं जाहीर करून महाशय मोकळे झाले.

ती गाडी खरं तर माझ्या कामाची. मी हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून पोचवते. पेटी बसल्यावर थोड्याच दिवसांत मी सिग्नलला थांबले आणि मागून एक काचवाला टेम्पोसकट येऊन धडकला. तो बिचारा खाली उतरून सांगत होता, "ताई, तुमचा दिवा लागलाच नाही हो." घरी येऊन मी हे सांगितलं, तर सगळे हसले.

"धडकणारे असंच बोलतात," नवरा म्हणाला. "तू अचानक ब्रेक मारला असशील."

"वहिनींचा पाय जरा जडच आहे," धाकटे दीर म्हणाले. सासूबाईंनी नुसतं हं केलं, पण त्या हंमध्ये पूर्ण निकाल होता.

मी म्हटलं, एकदा दिवा तर बघा. पण बघायचा कसा? एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. म्हणजे दोन माणसं. म्हणजे घराण्याची अब्रूच गेली. त्यापेक्षा माझ्या हातातून किल्ली काढून घेणं सोपं होतं. ती नवऱ्याच्या कमरेला गेली. चादरी दीर पोचवू लागले, म्हणजे उठतील तेव्हा. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने मला शांतपणे सांगितलं, की आणखी एकदा उशीर झाला तर तो दुसरीकडे बघेल. माझं उभं केलेलं काम माझ्या डोळ्यांदेखत बसत होतं, आणि मी दारात गठ्ठे बांधून दिरांच्या आंघोळीची वाट बघत होते. संताप संताप व्हायचा.

मग वाहतूक पोलिसाने खुद्द नवऱ्यालाच अडवलं. ब्रेकचा दिवा बंद. उद्या दुरुस्त करून दाखवा, नाहीतर गाडी उभी करू.

"बल्ब गेलाय. आजच गेला असणार," नवऱ्याने घरी येऊन सांगितलं. आजच! मी दातओठ खाल्ले.

सकाळी तो अंगणात गाडीखाली आडवा झाला. पेटी आणि चॅसिसच्या मधल्या फटीत त्याचा हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. दिरांचा तेवढाही गेला नाही. दोघांनी मिळून पेटीला शिव्या घातल्या, जणू ती आपल्या पायांनी चालत येऊन तिथे बसली होती. शेवटी नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा हात बारीक आहे."

आमच्याकडे याला विनंती म्हणतात.

मी पदर खोचून खाली गेले. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. होल्डर चाचपून फिरवला, बल्ब बाहेर काढला. काच स्वच्छ, तार शाबूत. तरी नवा घातला आणि ओरडले, "दाबा ब्रेक!"

नवरा गाडीत, दीर मागे उभे. घराण्याच्या इतिहासातली पहिली चाचणी.

"नाही लागला," दीर म्हणाले.

पण मला उजेड दिसत होता. पाना काढताना नवऱ्याने पेटीचं झाकण उघडंच टाकलं होतं, आणि आतले पाने, पक्कड, हातोडी सगळं लख्ख झालं होतं.

"सोडा," मी म्हटलं. पेटीत अंधार. "दाबा." उजेड. "सोडा." अंधार.

मी परत हात घातला. ब्रेकच्या दिव्याकडे जाणारी वायर मध्येच तोडलेली होती, आणि तिचं टोक पेटीत घुसवून आतल्या दिव्याला चिकटपट्टीने जोडलेलं होतं. म्हणजे पेटी बसल्यापासून कुणीही ब्रेक दाबला की बंद पेटीच्या आत दिवाळी, आणि मागच्या माणसाला ठणठणगोपाळ.

मी बाहेर आले. "तुमचा तो खराब माल चांगला आहे हो," मी म्हणाले. "तुम्ही झाकण उघडायचात तेव्हा आत बसून ब्रेक दाबायला कुणी नव्हतं, एवढंच."

नवरा वाकून बघत राहिला. दिरांना अचानक घरात काम आठवलं. दारातून सासूबाई म्हणाल्या, "चुकून झालं असेल. माणूसच आहे." माझ्या जड पायाच्या वेळी कुणाला माणूस आठवला नव्हता.

"वायर जोडा," मी म्हटलं. "ब्रेक मी दाबते."

वायरीपर्यंत त्याचा हात पोचावा म्हणून पेटी कापायला सगळी दुपार गेली. वायर जोडून झाल्यावर मी चादरींचे गठ्ठे हौद्यात टाकले आणि आत बसले. किल्ली गाडीलाच होती. ब्रेक दाबला आणि खिडकीतून विचारलं, "लागला का?"

"लागला," मागून नवरा पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"लागला!"

समोरच्या गॅलरीतलं जोडपं वाकून बघू लागलं. मी ब्रेक सोडला, पुन्हा दाबला.

"आणि त्या दिवशी लागला होता का, काचवाला धडकला तेव्हा?"

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. आरशात त्याच्या तोंडावर लाल उजेड पडलेला दिसत होता.

"नव्हता," तो म्हणाला.

मी गाडी बाहेर काढली. किल्ली तेव्हापासून माझ्याकडेच आहे.