चालून दाखव

सानगडीच्या शुभांगीनं आपला परिचय आठवडाभर आरशासमोर घोकला होता. नाव, बी.कॉम., टॅली, लाखांदूरच्या एका कृषी केंद्रात बिलं काढल्याचा अनुभव. ते केंद्र बंद पडलं आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, नोकरी नाही तर लग्न उरकून टाकू. त्यामुळे साकोलीच्या एका राइस मिलमध्ये अकाउंटंटची जागा निघाली आहे, असं तुलाराममामानं सांगितलं, तेव्हा तिला मामाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

मुलाखत ऑफिसात नव्हती, मिलमागच्या घरात होती. तिला जरा खटकलं, पण छोट्या मालकांचं असंच असतं म्हणून ती गप्प बसली. समोर सोफ्यावर मालक घनश्यामसेठ, शेजारी त्यांची बायको चंद्रकलाबाई आणि कोपऱ्यात मोबाइलमध्ये नाक खुपसलेला मुलगा, कमलेश. मामा पोह्यांवर तुटून पडला होता.

“हं, सांग बाई तुयाबद्दल,” सेठ म्हणाले.

ती उभी राहिली. “नमस्कार. मी शुभांगी. मी बी.कॉम. केलं असून मला टॅली आणि जीएसटीचं काम येतं. दिलेली जबाबदारी वेळेत पार पाडते. कामाचा ताण आला तरी शांत राहते.”

“शांत राह्यते! असीच पायजे,” चंद्रकलाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. “आता जरा चालून दाखव बाई. अन् केस तुयेच आहेत ना इतके? सयपाकात काय काय येते?”

शुभांगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही कसली मुलाखत, हे तर मुलगी पाहणं! पाहुण्यांना गावी बोलवायचं सोडून शहाण्या मामानं नोकरीचं गाजर दाखवून मुलीलाच त्यांच्या दारात उभं केलं होतं. बाजारात बैलाला नेतात, पण त्याला निदान खोटं सांगून नेत नाहीत.

“अन् अकाउंटंटची जागा?” तिनं विचारलं.

“जागा कायची?” सेठ हसले. “हिसाब-किताब आमचा मुनीम पायते, भुपेंद्र. तू तं मालकीण होशीन. लागलं तं घरबसल्या करजो टॅली.”

तिला शिसारी आली. त्या हसण्याची, अंगावरून फिरणाऱ्या बाईंच्या नजरेची आणि सगळ्यात जास्त मामाच्या मिशीला चिकटलेल्या शेवेची. आठवडाभर घोकलेलं आपलंच एकेक वाक्य तिला उष्टं वाटू लागलं.

ती कमलेशकडे वळली. “आता तुमी द्या परिचय.”

कमलेशनं दचकून आईकडे पाहिलं.

“तो कायले देईन?” बाई फणकारल्या.

“मंग चालून तरी दाखवा म्हना.”

शुभांगीनं फाइल उचलली. “मी नोकरीसाठी आली होती. मुलगा मले पसंत नाही.”

मामानं तिला फाटकाबाहेर गाठलं, धापा टाकत. “पोट्टे, काय करून बसली हे! एवढं मोठं घर! नोकरीचं नाव काढलं नसतं तं तू आली असती काय?”

“नसती आली. म्हनूनच खोटं बोलले ना तुमी?”

“अवं, आता त्यायच्या घरी मी कोनत्या तोंडानं जाऊ?”

“ज्या तोंडानं पोहे खाल्ले, त्याच तोंडानं जा,” शुभांगी म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला थुंकली.