कोरडं तेल

आमच्या सासरेबुवांना जगातलं सगळं कळतं. जे कळत नाही ते मुळात नसतंच, असं त्यांचं मत आहे. कोरडं तेल त्यातलंच.

"तेल, आणि कोरडं?" सायकलच्या दुकानात भर गर्दीत त्यांनी ती बाटली उंच धरली. "उद्या सुकं पाणी विकाल!"

दुकानदार बिचारा समजावत राहिला. हे चेनला घालायचं, वाळू द्यायचं, मग मेणासारखा पातळ थर राहतो आणि त्याला धूळ चिकटत नाही. उन्हाळ्यात हेच बरं. सासऱ्यांनी त्याच्याकडे कामावर पहिल्याच दिवशी उशिरा आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. ते आयुष्यभर कारखान्यात फोरमन होते आणि निवृत्त झाल्यावर घरात फोरमन झाले.

"उन्हाळ्यात काय होतं? सगळं वाळतं. वाळलेल्याला काय लागतं? ओल! घसा सुकला की तू पीठ खातोस का?" असं विचारून त्यांनी पावसाळ्यात वापरायचं, मधासारखं घट्ट तेल उचललं आणि छाती काढून बाहेर पडले.

मी मागेच उभी होते. माझ्या सायकलला तेच कोरडं तेल आहे आणि ती मांजरीच्या पावलांनी चालते. मी एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. पण मी तोंडाला कुलूप लावलं. सासऱ्यांच्या सायकलची करकरणारी चेन गप्प झाली असती, तर सासूबाईंचं शिक्षण बंद पडलं असतं.

त्याचं असं आहे. त्यांचं लग्न नवं असताना सासरे आईंना, म्हणजे सासूबाईंना, सायकल शिकवायला निघाले. मागून सीट धरून "धरलंय, धरलंय" म्हणत धावले आणि मधेच सोडून मोकळे झाले. आई शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरल्या आणि चादरीसकट गटारात गेल्या. पडणं काय, माणूस विसरतो. पण सासऱ्यांनी तो किस्सा पाळला, पोसला, मोठा केला. घरी पाहुणा आला की चहाआधी चादर यायची. आईही सगळ्यांबरोबर हसायच्या, म्हणून मला वाटायचं, त्यांनाही गंमत वाटते.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाहेर पाहुण्यांसमोर चादर रंगात आली होती. आई स्वयंपाकघरात आल्या, नळ मोठा सोडला आणि म्हणाल्या, "मला सायकल शिकव. पण माझं पडणं ह्यांना दिसता कामा नये. एकदासुद्धा. ह्यांनी मला बघायचं ते चालवतानाच."

त्यांचे डोळे भरले होते. मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

मग सकाळची शाळा सुरू झाली. सासरे पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारायला निघाले की आम्ही माझी सायकल घेऊन घरामागच्या बंद गोदामाच्या पटांगणात जायचो. आई माझी ट्रॅकपँट घालायच्या आणि आरशाकडे न बघता बाहेर पडायच्या. पडायच्याही भरपूर. उठून कोपर झटकायच्या, सायकलला एक शिवी हासडायच्या आणि पुन्हा बसायच्या. ह्या शिव्या त्यांना येतात, हे घरात फक्त मला ठाऊक आहे.

आमची राखण करायची सासऱ्यांची चेन. लाँड्रीच्या कोपऱ्यावर ते वळले की कर्रकर्र ऐकू यायचं. लगेच आई धावत घरात, गाऊन अंगात, आणि रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत उभ्या. सासरे आत येऊन विचारायचे, "काय शिजतंय?" आई म्हणायच्या, "बघू."

घट्ट तेलाने आमच्यावर फार उपकार केले. तेल घातलं की पहिल्या दिवशी चेन गप्प राहायची, म्हणून त्या दिवशी शाळेला सुट्टी. पण आमच्या रस्त्याची धूळ कामसू आहे. दुसऱ्या दिवशी चेनवर काळा लगदा जमायचा आणि ती खडे चावल्यासारखी वाजायला लागायची. सासरे रस्त्याला, वाऱ्याला आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांना नावं ठेवत चेन रॉकेलने धुवायचे. "कमी पडतंय," असा निष्कर्ष काढायचे आणि आणखी तेल ओतायचे. त्यांच्या पँटच्या पायाला काळ्या डागांची नक्षी झाली होती.

इकडे आई चालवायला शिकल्या. फक्त थांबायला शिकल्या नाहीत. ब्रेक म्हटलं की त्यांचे डोळे मिटायचे. म्हणून पटांगणाला गोल फेऱ्या मारायच्या आणि पुरे झालं की मी हँडल पकडायचं, अशी तडजोड होती.

आणि एका दुपारी जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून फेरी बंद. त्या आवाजाने डोकं उठतं. सकाळी घरीच बसेन म्हणतो."

आईंच्या हातातला घास तसाच राहिला.

सासरे पंख्याखाली आडवे झाल्यावर आईंनी मला खुणेनं मागच्या दाराशी बोलावलं. "घाल त्यांच्या चेनला तुझं ते कोरडं."

"अहो आई, मग ते आलेले कळणार कसे?"

"नाही कळणार." त्यांनी रॉकेलचा डबा उचलला. "पण घरी बसले तर मी पुन्हा सायकलवर बसणार कधी? शेवटी नुसती चादरच उरेल."

सासऱ्यांच्या घोरण्यावर कान ठेवून आम्ही चेन घासली. तिच्यातून कारखान्याच्या दिवसांपासूनचा सगळा इतिहास निघाला. कोरडी पुसून आईंनी एकेका कडीवर थेंब टाकला, वाळू दिला आणि जास्तीचा फडक्याने टिपला. संध्याकाळी सासऱ्यांनी पॅडल फिरवून पाहिलं. आवाज नाही. ते अंगणातच ओरडले, "बघा! मुरलं शेवटी! घट्ट तेल मुरायला वेळ घेतं!"

आई म्हणाल्या, "हो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आम्ही पटांगणात आलो. मी कान टवकारून उभी, आणि ऐकायला काही नाही. आई मस्त फेऱ्या मारत होत्या. आज एकदाही पडल्या नव्हत्या.

मी वळले तर आम्हाला शोधत आलेले सासरे पटांगणाच्या तोंडाशी. सायकलवर, आ वासलेले.

"आई!" मी किंचाळले आणि हँडल पकडायला हात पुढे केले. आईंनी त्यांना पाहिलं, मला पाहिलं, माझे हात चुकवले आणि सरळ नवऱ्याच्या दिशेने पॅडल हाणलं. घंटी वाजवत.

"बाजूला व्हाऽऽ!"

सासऱ्यांनी घाईने हँडल फिरवलं आणि सायकलसकट तिथेच पडलेल्या वाळूच्या ढिगात गेले. आई शेजारून वळल्या आणि पुन्हा फेरीला लागल्या.

पहिल्या फेरीला त्यांनी विचारलं, "लागलं का हो?"

सासरे वाळू थुंकत होते. "अगं, तू... सायकल?"

उत्तर द्यायला आई तिथे नव्हत्या. दुसऱ्या फेरीला त्यांचा आवाज बदलला होता. "अहो, धरा मला! मला थांबता येत नाही!"

माझ्या आधी सासरे उठले. केसांत वाळू, एक चप्पल ढिगात, तसेच धावले आणि मागून सीट पकडली.

"धरलंय! धरलंय!"

"सोडाल तुम्ही!"

"नाही सोडत गं!"

धापा टाकत, लंगडत, ते पटांगणभर धावले आणि सायकल पूर्ण उभी राहून आईंचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत त्यांनी सीट सोडली नाही. मी रडणारी बाई नाही, पण तेव्हा रडले.

मग सासरे गुडघ्यावर हात टेकून माझ्या सायकलच्या चेनकडे बघत म्हणाले, "काहीच आवाज नाही हिला. कुठलं तेल?"

"कोरडं," आई म्हणाल्या. "कालपासून तुमच्याही चेनला तेच आहे."

सासऱ्यांनी कानातली वाळू काढली. पुष्कळ होती. शेवटी हळूच म्हणाले, "हे ढिगाचं कुणाला सांगू नकोस हं."

"छे हो. तुमची चादर सांगून झाली की मगच सांगेन."

त्याला आता बरेच दिवस झाले. पाहुणे येतात, चहा पितात आणि घरी जातात.