काम धाकटीचं, सही दादाची

सकाळी हँगरचं जड दार ढकललं की धाकटी आधी बाह्या वर सारायची, मग चष्मा पुसायची आणि समोरच्या विमानात शिरून डॅशबोर्डखाली आडवी व्हायची. नऊ वर्षं हाच शिरस्ता होता. लहान विमानांत रेडिओ बसवण्याचा हा घरचा धंदा बाबांनी सुरू केला आणि आता तो दादा चालवायचा, म्हणजे गिऱ्हाइकांशी बोलायचा. या कामाचा परवाना दोघा भावंडांकडे होता. धाकटी तर पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झालेली. विमानाच्या कामाची नोंद होते त्या लॉगबुकात सही मात्र कायम दादाची.

"बाईची सही दिसली की पायलट बिचकतात," बाबा म्हणायचे. "आणि घरातल्या घरात तुझं-माझं कसलं गं?"

कायद्याला असलं घरगुती प्रेम ठाऊक नव्हतं. ज्यानं काम केलं किंवा स्वतः तपासलं, त्यानंच सही करायची, इतकं ते सरळ होतं. धाकटीला ते तोंडपाठ होतं. पण बाप लाडानं बोलतो, भाऊ पाठीवर थाप मारतो, आणि जिभेवर आलेलं माणूस गिळतं. तिनंही गिळलं.

त्या दिवशी कॅप्टनकाकांचं विमान आलं होतं. काका दूरच्या दवाखान्यांना औषधं पोचवायचे. जुना रेडिओ खरखर करायचा म्हणून त्यांनी नवा घेतला. तो त्यांच्या विमानाला मंजूर आहे का, त्याचा कागद धाकटीनं आधी तपासला. कागद होता. मग विजेचा हिशेब मांडला आणि ती थबकली. नवा रेडिओ ऐकताना थोडी वीज घेत होता, बोलताना बरीच जास्त. जुना ब्रेकर, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, तेवढी वीज सोसणारा नव्हता. तिनं मोठा ब्रेकर मागवला, त्याच्या मापाची जाड वायर ओढली, रेडिओ बसवून ठेवला आणि डॅशबोर्डवर लाल चिठ्ठी बांधली: 'उड्डाणास मनाई.'

"दादा, नवा ब्रेकर येईपर्यंत सही करू नकोस. बटण दाबून जरा जास्त वेळ बोललं की जुना पडेल. रेडिओ मुका होईल."

"बरं बरं," दादा फोनवर हात ठेवून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. इकडे कॅप्टनकाका घाईत आले. एका दवाखान्यात इन्सुलिन संपलं होतं. दादानं रेडिओ चालू केला, विमानतळाच्या टॉवरचा आवाज खणखणीत आला. "आवाज येतोय की!" म्हणत त्यानं चिठ्ठी सोडली आणि सही ठोकली. बोलून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

जाताना एक-दोन शब्दांत भागलं होतं. परतीच्या वाटेवर ढग उतरले आणि काकांना टॉवरशी लांब बोलावं लागलं. टॉवरवाल्यांना काकांचे अर्धे-अर्धे शब्द ऐकू आले. दोनदा. तिसऱ्यांदा तेही नाही. विमान टेकडीवर आपटलेलं सापडलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी जेवताना कुणी घास घेईना. शेवटी दादाच बोलला. "काकांनीच मागाहून काहीतरी खुडबुड केली असेल, एवढंच म्हण. माझी दोन लेकरं आहेत गं."

"मेलेल्या माणसावर खापर फोडू?"

"ते आता परत येणार आहेत का?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "निदान हा तरी वाचू दे."

ती उठली. ताटावर बसून रडणं तिला जमेना.

चौकशी अधिकाऱ्यानं लॉगबुक पुढं सरकवलं. "हे काम कोणी केलं?"

"मी. सही दादाची आहे. मागच्या नऊ वर्षांतली सगळी कामं अशीच झालीत." मग तिनं चिठ्ठीचं सांगितलं, आणि स्वतःचंही सोडलं नाही. "चुकीच्या नावानं सही होताना मी रोज बघत होते, साहेब."

दादाचा परवाना कायमचा गेला. तिचा वर्षभरासाठी काढून घेतला. हँगरला कुलूप लागलं. बाबा तिच्याशी बोलायचे थांबले. ती खोलीत आली की भिंतीकडं कूस वळवायचे.

महिन्याभरानं ती कॅप्टनकाकांच्या घरी, काकूंकडे गेली. काकूंनी दार उघडलं, तिला ओळखलं नाही. कोण ते सांगितल्यावर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

"निघायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता," काकू म्हणाल्या. "म्हणाले, दादाला दोनदा विचारलंय, सगळं ठीक आहे. शंकेखोर होते गं ते. ज्यानं काम केलं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय विमानात पाय ठेवायचे नाहीत. काम तू करतेस हे त्यांना माहीत असतं, तर तुलाच विचारलं असतं ना?"

धाकटीनं होकारार्थी मान हलवली.

"मग आधीच का नाही सांगितलंस, पोरी?"