पिठातला पतंग

टोपलं उचलण्याआधी शेजारच्या धनीबाईनं सगळ्या बायांना मागं सरकवलं. जगदेवनं जिथं प्राण सोडला, त्या जागी दहाव्याच्या रात्री ज्वारीचं पीठ पसरून, दिवा लावून, वर टोपलं झाकलं होतं. सकाळी पिठात जी खूण उमटते, त्या जन्माला माणूस गेला, असं मेडशीत मानतात.

पिठात पाऊल नव्हतं. फडफडीच्या रेघा होत्या आणि शेवटी एक पतंग, जिवंत.

"जगदेव पतंग झाला वं माय! मारजो नोको त्याले, सोडून दे," धनीबाई म्हणाली.

विजयमाला वाकली. मातकट पंख, प्रत्येकाच्या मधोमध काळसर डाग. घाटेअळीचा पतंग! नवऱ्यानं जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, नेमका तोच. तुरीला फूल लागलं की जगदेवचं जेवणातही लक्ष नसे. "हा डाग पाह्य. एक सुटला तं शेंगा गेल्या समज," म्हणायचा. देवाला थट्टा करायला हेच घर सापडलं!

तिनं ओंजळ उघडली. पतंग घरामागच्या तुरीकडंच गेला.

"गेले ना वावरातच!" ती म्हणाली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.

बाया आपापल्या घरी गेल्या. त्या रात्री घर तिला खायला उठलं. पहाटे डोळा लागला, तोही चहाला दोन कप काढायचे या घाईत उघडला.

उजाडल्यावर ती वावरात गेली. जगदेवनं लावलेला सापळा काठीवर तसाच होता. वर मादीच्या वासाची गोळी, खाली प्लास्टिकची पिशवी. वासानं नर येतात, पिशवीत पडतात आणि मरतात. पिशवी भरली होती.

तिनं ती पदरात ओतली. एकेक पतंग उलटून पाहिला. प्रत्येकाच्या पंखावर तोच डाग. भरल्या बाजारात नुसत्या पाठीवरून नवरा ओळखणारी बाई ती, पण इथं तिचं काही चालेना.

"काहून आले इथं?" तिनं पदराला विचारलं. "मी तं घरीच होती ना."

कोणता तो, हे कळेना, म्हणून तिनं वावराच्या कडेला, धुऱ्यावर खड्डा करून सगळेच पुरले. हात झटकले. मग रिकामी पिशवी सापळ्याला परत बांधली, तो बांधायचा तशीच, दोन गाठी मारून. तूर फुलावर होती.