आबांना लागलेली भूक

चिमणी हे तिचं लाडाचं नाव. जन्मली तेव्हा मुठीत मावेल एवढीशी होती, म्हणून वडिलांनी, म्हणजे आबांनी ठेवलेलं. पुढे ती अंगाने भरत गेली, चाळिशी ओलांडली, जिना चढताना कठड्याला धरून थांबायला लागली, तरी नाव काही बदललं नाही. आबा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "ही आमची चिमणी," आणि पाहुणे तिच्या मागे डोकावून बघायचे, अजून कुणी येतंय का.

ती एका छोट्या कारखान्यात कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, जबड्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायची आणि तिच्यात एकेक दात लावत जायचं. काम बसून करायचं, खिडकीजवळ, दिव्याखाली. जबडे ओतायचं काम ज्याच्याकडे होतं त्या लांबड्या माणसाला सगळे प्लास्टरवाला म्हणत. तो दिवसभर काही ना काही तोंडात टाकत असे आणि तरी काठीसारखा होता. चिमणीला त्याचा याच एका गोष्टीसाठी राग यायचा.

गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला तेव्हा डॉक्टरांनी तिला आहाराच्या बाईंकडे पाठवलं. बाई तरुण होत्या, गोड बोलायच्या. दिवसभरात किती कॅलरी खायच्या ते त्यांनी ठरवून दिलं, स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवायला सांगितला. पानात निम्मी भाजी हवी, घास हळू चावायचा, जेवणं चुकवायची नाहीत.

"भूक लागेल," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला फार लागेल. घाबरायचं नाही. पाणी प्यायचं, जरा चालून यायचं. भूक लाटेसारखी असते. येते तशी जाते."

"जाते म्हणजे कुठे जाते?" चिमणीने विचारलं.

बाई हसल्या. "जायचीय कुठे, ओसरते."

पहिले काही दिवस तिच्या पोटात नुसते कावळे कोकलत होते. सकाळचं उकडलेलं अंडं आणि पावाचा एक पातळसा तुकडा कारखान्याच्या दारात पोचेपर्यंत विरून जायचा. मग सगळीकडे खाणंच दिसायचं. मेण तापलं की त्याला लोण्याचा वास येतोय असं वाटायचं. ओलं प्लास्टर घट्ट दह्यासारखं दिसायचं. लावलेला दात वाकडा बसायचा, पुन्हा काढावा लागायचा. सगळ्यात जास्त आठवण यायची चीजची. पावावर चीज ठेवून कडा करपेपर्यंत भाजायचं आणि आधी त्या करपलेल्या कडाच खायच्या, ही तिची लहानपणापासूनची चैन होती.

"ताई, एक बिस्किट घ्या. एकाने काय होतंय?" प्लास्टरवाला म्हणायचा.

"तुम्ही समोरून आधी हला," ती म्हणायची.

घरी दुसरीच तऱ्हा होती. तिथे खायला घालायला ती जिवाचं रान करत होती. आई गेल्यापासून आबांनी अन्नावरची वासनाच सोडली होती. हट्ट नव्हता, रुसवा नव्हता. वाटीभर सूप समोर घेऊन बसायचे, चमचा ढवळत राहायचे आणि सूप गार झालं की अपराध्यासारखं तिच्याकडे बघायचे. "जात नाही गं," एवढंच म्हणायचे. हिरड्या आक्रसल्या होत्या, तिनेच करून दिलेली कवळी सैल झाली होती आणि बहुतेक वेळ पेल्यातच पडून असायची. दिवसा शेजारच्या काकू त्यांच्यापाशी येऊन बसत. एकदा त्या हळूच म्हणाल्या होत्या, "मनाची तयारी ठेव हो."

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी चिमणीच्या हातात खालचा जबडा होता. जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ होता. पाणी पिऊन झालं होतं, गच्चीवर फेरी मारून झाली होती, आणि भूक अशी उसळून आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दात लावायची सळई तिने खाली ठेवली आणि टेबल घट्ट धरून बसली.

आणि एकदम भूक गेली. ओसरली वगैरे नाही. जड पिशवी घेऊन चालताना मागून येऊन कुणी ती हातातून काढून घ्यावी, तशी गेली. चिमणीने चक्क मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. फळीवर वाळत घातलेले जबडे होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून, जरासे उघडे.

"काय झालं?" प्लास्टरवाल्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

संध्याकाळी दार उघडलं ते काकूंनीच. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "अगं, आज नवल झालं! जेवणाच्या आधीच मला म्हणतात, पाव आहे का? मला वाटलं ऐकायला चुकतंय. कवळी स्वतः मागून घेतली. चांगले तीन तुकडे खाल्ले, लोणी लावून!"

आबा खुर्चीत बसले होते. हनुवटीला पावाचा चुरा होता. चिमणीचा जीव भांड्यात पडला. तिने त्यांचं तोंड पुसलं, आत जाऊन आपली काकडी चिरली, आणि काकडी खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला अजूनही भूक नाही.

त्यानंतर आबा खायला लागले. बटाटे, अंडी, भात, केळी, जे पुढे येईल ते. गालांवर मांस धरलं. खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवायला लागले, हे तर अगदी पूर्वीचे आबा. चिमणीने कवळीला आतून अस्तर देऊन ती आक्रसलेल्या हिरड्यांना घट्ट बसवून दिली. तिचं वजनही भराभर उतरत होतं. आहाराच्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं मनावर घेणारं माणूस मी पाहिलं नाही." चिमणीने मनावर काहीच घेतलं नव्हतं. भूकच लागत नव्हती, तर सोडायचं काय?

मग एका दुपारी आबा म्हणाले, "चीज आण ना. भाजलेलं."

ती थबकली. चीजच्या नुसत्या वासाने आबा खोली सोडून जायचे. तिच्या लहानपणी ती चीज भाजायची तेव्हा खिडक्या उघडायला लावायचे. तिने पाव भाजून समोर ठेवला. आबांनी तो हातात घेतला, गोल फिरवला आणि आधी करपलेल्या कडा खाल्ल्या.

"आबा, तुम्हाला हे कधीपासून आवडायला लागलं?"

"आवडतंय कुठे?" ते तोंड वाईट करत म्हणाले. "वास अजूनही सहन होत नाही. पण पाहिजे असतं."

 तिने ते हसण्यावारी नेलं.

पुढच्या सुट्टीला कवळी धुताना तिला दिसलं, की डावीकडचे दात झिजलेत आणि उजवीकडचे अगदी कोरे आहेत. "एकाच बाजूने चावताय का?" तिने विचारलं.

"उजवीकडे ठणकतं गं. मागची दाढ."

"आबा, तुम्हाला दाढ आहे कुठे? तोंडात एक दात नाही तुमच्या."

"ते मला काय माहीत? ठणकतं एवढं खरं."

चिमणी कवळी हातात धरून न्हाणीघरात तशीच उभी राहिली. उजवीकडची मागची दाढ तिची दुखायची, अगदी आत्ताआत्तापर्यंत. दंतवैद्यांसाठी काम करूनही ती दंतवैद्याला भीत होती. आता तिने जिभेने दाढ दाबून पाहिली. मग बोटाने. मग ब्रशची दांडी उलटी धरून दाढेवर ठोकली. काही नाही. प्लास्टरच्या जबड्यावर ठोकावं तसा नुसता आवाज आला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली तर काकू घाबऱ्याघुबऱ्या. आबा दुपारी कच्चे बटाटे खात होते, ओट्यापाशी उभे राहून, सालासकट. काकूंनी हातातून काढून घेतले तेव्हा लहान मुलासारखे रडले. चिमणीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही सापडलं नाही. जाता जाता तिच्याकडे बघून मात्र ते म्हणाले, "आणि तुमचं काय चाललंय? हे वजन फारच उतरलंय."

आहाराच्या बाईही आता हसत नव्हत्या. "हे ताबडतोब थांबवायचं. भूक असो नसो, वेळ झाली की जेवायचं. मी वाढवून लिहून देते."

चिमणीने प्रयत्न केला. पण भुकेवाचून घास म्हणजे मेणाचा गोळाच. चावायचा, फिरवायचा, गिळायचं विसरून जायचं. दुपारी आरशात पाहिलं की गळ्याची हाडं दिसायची, आणि घरी आल्यावर समोर आबा, गोल चेहऱ्याचे, जिना चढताना कठडा धरून थांबणारे.

"चिमणे," एकदा जेवताना ते हताश होऊन म्हणाले, "मी खातो ते जातं कुठे? पोटाला तडस लागते, तरी आत रिकामंच. कुणीतरी खड्डा खणून ठेवल्यासारखं."

 रिकामं कोण होतं ते तिला लख्ख कळलं. पोट तिचं रिकामं होतं आणि कळ त्यांना येत होती. त्यांनी कितीही खाल्लं तरी भरणार कसं?

ती उठली. एक अंडं उकडलं, पाव घेतला, बटाट्याला लोणी लावलं आणि त्यांच्या समोर बसून खायला लागली. घास तोंडात नुसता घोळत होता. तिने पाण्याबरोबर ढकलला. दुसरा ढकलला. आबांचा चमचा त्यांच्या ताटात खडखडत होता, न थांबता, अधाशासारखा. तिने अंडं संपवलं तेव्हा तो जरा मंदावला. बटाटा संपला तेव्हा थांबला. आबांनी ताट दूर सारलं, मागे टेकले आणि पोटावर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला.

"आता बरं वाटलं," ते म्हणाले.

 चिमणीने हळूच विचारलं, "आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

 "पहिल्या घासालाच," ते म्हणाले. "आपली भूक माणसाला ओळखू येते गं. ही माझी नव्हती. माझी तुझ्या आईबरोबर गेली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत मागितली असतीस." त्यांनी मान खाली घातली. "मला काहीतरी हवंसं वाटत होतं, चिमणे. इतक्या दिवसांनी. सकाळी डोळा उघडला की काहीतरी हवं असायचं."

तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण टिकला नाही. समोर बसलेल्या माणसाच्या गालांना रंग होता. हीच खुर्ची गेल्या हिवाळ्यात ती रोज कोणत्या भीतीने उघड्या दारातून बघायची, ते तिला आठवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी वेळेवर जेवत जाईन."

आणि ती जेवली. भूक नसताना, चव नसताना, औषध घ्यावं तशी, काट्यावर तोलून, बाईंनी दिलेल्या प्रमाणात, एक जेवण न चुकवता. उशीर झाला की घरी आबांचे हाल होतात म्हणून हातातला जबडा अर्धवट टाकून उठायची. प्लास्टरवाला म्हणायचा, "ताई, तुमच्यासारखी शिस्त आम्हाला नाही जमायची." वजन योग्य जागी येऊन थांबलं. गुडघे सुधारले. दाढही तिने उपटून घेतली, भुलीच्या सुईशिवाय, आणि दंतवैद्य चकित झाले. घरी आबांनी मात्र गालाला हात लावून काकूंकडे बर्फ मागितला होता.

अशी दोन वर्षं बरी गेली. आबा चीजला शिव्या देत चीज खात राहिले.

मग एकदा, साध्याच दिवशी, ती मेणात पुढचे दात लावत होती. नुकतीच जेवून आली होती. आणि पोटात काहीतरी वळवळलं. तिला आधी कळेचना काय होतंय. मग तोंडाला पाणी सुटलं, मेणाचा वास लोण्यासारखा यायला लागला, आणि भूक आली, सगळीच्या सगळी. दोन वर्षांचं अंतर तोडून धावत आल्यासारखी. ती उभी राहिली. सळई खाली पडली.

"काय हवंय, ताई?" प्लास्टरवाला धावला.

"डबा," ती म्हणाली. "तुमचा डबा द्या."

त्याने न विचारता दिला. आत लोणी लावलेला पाव होता, कालचा, थोडा कडक. इतकं चविष्ट तिने आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. डोळे गळत होते आणि ती दोन्ही हातांनी खात होती. प्लास्टरवाल्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला.

टेबलावरचा फोन वाजला. काकूंचा नंबर होता. प्लास्टरवाल्याने तो उचलायला हात पुढे केला. चिमणीने बोट वर करून त्याला थांब म्हटलं, तोंडातला घास नीट चावून संपवला आणि मग फोन उचलला.