आकाराम वस्तादाचं पायताण

शिवाजी पेठेतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी आत उभं राहायला जागा नव्हती. कंबर धरून आलेले, काठी टेकत आलेले, रिक्षातून उचलून आणलेले, सगळे माना उंचावून स्टेजकडे बघत होते. स्टेजवर परातीत तांबडी माती, तिच्यावर हळद-कुंकू, अगरबत्त्यांचा धूर आणि मागे भगवा फेटा बांधलेला आकाराम वस्ताद.

त्याचे दोन्ही कान मोडलेले होते. आमच्या गावाला एवढं पुरतं. कुस्तीत कान मोडलेला माणूस दिसला की आम्ही हाडं, शिरा, सांधे सगळं त्याच्या हवाली करतो. जुन्या वस्तादांनी मुरगळलेले पाय चोळून बरे केले, हे खरं. पण कान मोडला म्हणजे वैद्यकी आली, हे कुणी ठरवलं?

"डॉक्टर नुसतं हाड बघतोय, ह्यो आकाराम नाडी बघतोय!" तो माइकवर ओरडत होता. "शंभर तालमींची माती हाय ही. पैलवानांचा घाम हाय हिच्यात!" माइक मधूनमधून कोकलत होता, वस्ताद त्याहून जास्त.

रोगी खुर्चीत बसायचा. चेला त्याच्या पायात वस्तादाच्या गुरूची म्हणून मोठाली कोल्हापुरी पायताणं चढवायचा. वस्ताद दोन्ही पाय मातीवर आडवे उचलून टाचा जुळवून दाखवायचा. एक पाय दोन बोटं आखूड! "आरारारा," लोक हळहळायचे. मग "जय बजरंग!" अशी आरोळी, एक झटका, आणि टाचा सारख्या. शिट्ट्या आणि टाळ्यांनी पत्रे हादरायचे.

माझ्याशेजारी आमच्या शेजारीण राजमतीवहिनी बसल्या होत्या. पावसाळ्यात जिन्यावरून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन चांगलं झालं. नंतर भैरवी ही फिजिओथेरपिस्ट पोरगी घरी येऊन रोज गुडघा वाकवून घ्यायची आणि वहिनी किंचाळायच्या. मागच्या रविवारी त्या इथे आल्या, तेव्हा वस्तादाने फर्मावलं, "गुडघा वाकवायचा न्हाय. नस आखडलीया, तुटंल." दुखण्याला कंटाळलेल्या माणसाला ह्याहून गोड काय लागतं! दुसऱ्याच दिवशी वहिनींनी भैरवीला दारातून परत पाठवलं.

जाताना तिने वहिनींच्या यजमानांना, बाबासोंना, स्पष्ट सांगितलं होतं, "काका, आत्ता वाकवला न्हाय तर गुडघा असाच धरंल. मग काकूंना जन्मभर पाय पुढं टाकूनच बसाय लागंल." बाबासोंचं घरात काही चालत नाही. पण आज त्यांनीच गुपचूप फोन करून तिला इथे बोलावलं होतं.

"तू कशाला आलीस गं?" भैरवी मागे येऊन बसताच वहिनी तिच्यावर खेकसल्या.

"कान मोडून घ्यायला आलोय काकू. डिग्रीपेक्षा स्वस्त पडतंय."

मी वैतागून म्हणालो, "तांबड्या मातीवर पायताण! तालमीत कुणी असं केलं असतं तर खऱ्या वस्तादाने कानाखाली आवाज काढला असता."

भैरवी माझ्याकडे बघतच राहिली. "काका, मीबी तेच बघतोय. मातीनं पाय लांब होत असंल, तर मधी चामडं कशाला?"

तेवढ्यात वहिनींचं नाव पुकारलं. बाबासोंनी त्यांना धरून स्टेजवर नेलं, मागून भैरवी चढली.

"ह्या माऊलीचा पाय डॉक्टरांनी कापून आखूड केला!" वस्ताद गरजला. चेला पायताण घेऊन वाकला.

"पायताण ऱ्हाऊ दे," भैरवी म्हणाली. "मातीला शिवायचं तर अनवाणी."

"व्हय की!" मागून एक म्हातारा पैलवान ओरडला. "पोरीचं खरं हाय!"

"गुरूचं पायताण हाय ते," वस्ताद चाचरला. "त्याशिवाय नाडी जागी होत न्हाय."

"नाडी चामड्यात असती व्हय?"

लोक हसले. भैरवीने वहिनींचे अनवाणी पाय अलगद उचलले, कंबर सरळ करायला लावली आणि टाचा जुळवल्या. दोन्ही सारख्या.

"मी सकाळीच मनातनं शक्ती सोडलीती," वस्ताद म्हणाला. "आधीच लांब झाला त्यो."

मग भैरवीने बाबासोंना खुर्चीत बसवून तीच पायताणं त्यांच्या पायात घातली. "ही सगळ्यांस्नी सैल हायत. पाय उचलताना एक पायताण असं टाचेपासनं बाहेर ओढायचं. लांबनं चामड्याची टाच दिसती, पायाची न्हाय. ह्यो पाय लांब दिसला की दुसरा आपोआप आखूड. मग आरोळी ठोकायची आणि पायताण आत ढकलायचं. झाले सारखे!"

"आयला, माझेबी पाय आखूड झालते की!" बाबासो म्हणाले.

खालून मागच्या रविवारी झटका घेतलेल्या कालिंदीबाई उठल्या. "मग माझी कंबर दुखायची ऱ्हायली ती कशी?"

"कुठंवर ऱ्हायली, मावशी?"

"घरी जाईस्तवर."

"धीर आला, टाळ्या वाजल्या की दुखणं जरा दबतं. ते खोटं न्हाय. पण टिकत न्हाय."

एवढ्यात वस्ताद परातीसह स्वयंपाकघराच्या दाराने पसार झाला. निम्मे लोक त्याच्यावर चिडले. उरलेले भैरवीवर चिडले आणि चेल्याला विचारत राहिले, "पुढचा कार्यक्रम गडहिंग्लजला हाय न्हवं?" अशा डोक्यांना कुठला व्यायाम द्यावा, मला कळत नाही.

संध्याकाळी वहिनी खाटेवर पाय पसरून बसल्या.

"टाच ओढा काकू. हळू. अजून."

"मेलो गं बाई! वैरीण हाईस तू!"

"शिव्या द्या, पण ओढा."

गुडघा वाकला, पण व्यायाम बंद केला होता तेव्हाइतका नाही. तो गेलेला आठवडा आता वहिनींनाच घाम गाळून भरून काढायचा आहे. फेटेवाला येणार नाही.

कुणी चमत्कार दाखवला तर जवळ जाऊन बघा, हात लावून बघा, प्रश्न विचारा. जो चिडेल तो लबाड समजा. आणि सांधा दुखत असेल तर जाणकाराला विचारून रोज थोडा थोडा हलवा. टाळ्या वाजवायला कुणी येणार नाही. टाळ्यांशिवायही गुडघा वाकतो.